ऐंशी टाके

मित्रांनो, मी एक जुना, चौकोनी, पत्र्याचा डबा आहे. आधी माझ्या पोटात बिस्किटं होती, नंतर चिठ्ठ्या आल्या. दिसतो तेवढा गरीब मी नाही. माझ्या माणसाला कुणी छळलं, तर मी वर्षानुवर्षं डूख धरून बसतो.

माझं माणूस म्हणजे दवाखान्यातल्या सिस्टर. कामाला वाघ, बोलायला फटकळ. वस्तीतली मुलं सारखी का खोकतात, हे त्यांना शोधायचं होतं. त्यांनी प्रत्येक घराचा नंबर चिठ्ठीवर लिहिला, चिठ्ठ्या माझ्यात टाकून मला खळखळ हलवलं आणि पन्नास घरं काढली. त्या पन्नास घरी जाऊन विचारायचं, महिन्याभरात कोण खोकलं? हे झालं सर्वेक्षण. कंपाउंडर म्हणाला, ओळखीच्या घरी जाऊ, चहा तरी मिळेल. सिस्टर म्हणाल्या, चहाच मिळेल, सगळ्या वस्तीचं उत्तर नाही मिळणार.

मग वर्षभर त्यांनी नुसतं पाहिलं आणि लिहिलं. कुणाला काही दिलं नाही, कुणाचं काही बदललं नाही. याला निरीक्षण म्हणतात. ओल आलेल्या घरांतली मुलं जास्त खोकत होती. सापडला चोर, म्हणून कंपाउंडर नाचायला लागला. सिस्टरनी त्याला गप्प बसवलं. त्याच घरांत एकेका खोलीत आठ-आठ माणसं झोपतात. दोष ओलीचा की गर्दीचा, हे नुसतं बघून कसं कळणार?

तेवढ्यात नवे डॉक्टर आले, आणि त्यांच्यासोबत खोकल्याचं नवं औषध. आता प्रयोग करायचा होता. ऐंशी मुलं, ऐंशी चिठ्ठ्या. निम्म्यांवर 'अ' बाटली, निम्म्यांवर 'ब'. एका बाटलीत औषध, दुसरीत साखरपाणी. कुठल्या बाटलीत काय, ते फक्त डॉक्टरांना ठाऊक. सिस्टरनी प्रत्येक चिठ्ठीची घडी घालून जखम शिवायच्या दोऱ्याने तिला एकेक टाका घातला. प्रत्येक मुलाच्या आईने स्वतः माझ्यात हात घालून चिठ्ठी काढायची आणि सगळ्यांसमोर टाका तोडायचा, म्हणजे कुणाची मर्जी चालायला नको. एवढा मान मला आयुष्यात मिळाला नव्हता.

चिठ्ठ्या काढायच्या दिवशीच डॉक्टरांनी सिस्टरना दुसऱ्या दवाखान्यात पाठवलं. मला त्यांनी हातसुद्धा लावला नाही. गुबगुबीत, हसऱ्या मुलांना औषध लिहिलं. काटकुळ्या, खोकून बेजार झालेल्यांना साखरपाणी. महिन्याने औषधवाली मुलं ठणठणीत निघाली. निघणारच हो, ती आधीपासूनच ठणठणीत होती!

सिस्टरनी परत आल्यावर एकच विचारलं, "साहेब, चिठ्ठ्या कुणी काढल्या?" डॉक्टर म्हणाले, आयांनीच, अहवालात तसं लिहिलंय. सिस्टरनी डबा मागितला. डबा कुठेच नव्हता. मग डॉक्टरांनी वर कळवलं, की यांनी बेफिकिरीने डबा हरवला आणि आता स्वतःची चूक झाकायला खोटे आरोप करतायत. वीस वर्षांच्या नोकरीनंतर सिस्टर पिशवी उचलून निघून गेल्या. लोक त्यांना 'डबेवाल्या बाई' म्हणून चिडवायला लागले.

मी कोठीत होतो. डॉक्टरांच्या हुकमावरून कंपाउंडरने माझ्यात जुने खिळे ओतले होते. आधी आतलं काढून टाकायची तसदी दोघांनीही घेतली नाही. मी गंजत होतो आणि वाट पाहत होतो.

पाच वर्षं गेली. औषध घरोघर पोहोचलं, खोकला जागच्या जागी. शेवटी वरून तपासणीला एक बाई आल्या. त्यांनी सिस्टरनाही बोलावलं. डॉक्टर शांतपणे म्हणाले, डबा यांनीच हरवला. कोपऱ्यातला कंपाउंडर खाली मान घालून ऐकत होता. तो उठला, कोठीत गेला आणि मला आणून टेबलावर ठेवलं.

"साहेबांनीच यात खिळे भरायला लावले होते," तो म्हणाला. "मी पाच वर्षं गप्प बसलो. चुकलं माझं."

बाईंनी खिळे उपसून काढले. खाली ऐंशी चिठ्ठ्या होत्या, ऐंशी टाके होते, आणि एकही टाका तुटलेला नव्हता. बाईंनी अहवालातली ओळ मोठ्याने वाचली, 'प्रत्येक मूल चिठ्ठीने निवडले.' मग मला डॉक्टरांपुढे सरकवलं. "तोडा आता एकेक."

डॉक्टरांनी हात माझ्यात घातला आणि माझ्या गंजक्या काठाने त्यांचा अंगठा कापला. मीच कापला, मित्रांनो, आणि मला त्याचं अजिबात वाईट वाटत नाही.

सिस्टरनी पिशवीतून कापूस काढून पुढे केला. "धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या, साहेब," त्या म्हणाल्या. "ते खरं औषध आहे."

डॉक्टरांची नोकरी गेली, सिस्टर परत आल्या. औषध पुन्हा तपासायचं ठरलं, या वेळी चिठ्ठ्या काढून. मला तेलपाणी केलं नाहीत तरी चालेल. पण कुणी एखादं औषध गुणकारी म्हणालं, तर मुलं कुणी निवडली, तेवढं विचारत जा. सिस्टरनी मला घासूनपुसून टेबलावर ठेवलंय. तो काठ मात्र त्यांनी घासला नाही.