कुलूप बाहेरून होतं

सोबत बसायचं, पाणी द्यायचं, पण तोंड उघडायचं नाही. मुलाखतीच्या खोलीचा हा नियम मावशीला पाठ होता. परमुलखातून आलेल्या बायकांना मदत करणाऱ्या केंद्रातर्फे ती आजवर चाळीसेक जणींसोबत इथे येऊन बसली होती. अकरा वर्षांपूर्वी ती स्वतःच समोरच्या खुर्चीत होती.

आज त्या खुर्चीत शिवणवाली होती. नवऱ्याचं घर सोडून चार महिने झाले होते. गणवेशांच्या कारखान्यात काज-बटणं करून ती पोट भरत होती. पण तिचा इथे राहायचा परवाना नवऱ्याच्या जोरावर मिळालेला. स्वतःचा हवा तर छळ झाल्याचं आज पटवून द्यायचं, नाहीतर परत पाठवणी.

टेबलापलीकडे अधिकारीण बाई टाईप करत होत्या. शेजारी सरकारी दुभाष्या, या दोघींच्याच मुलखातला, गोडबोल्या. आल्या आल्या त्याने विचारलं होतं, “कोणाची सून गं तू?” तेव्हाच मावशीने ओळखलं, हा सासरच्यांची बाजू घेणार.

“तुम्ही घराबाहेर का पडत नव्हता?” बाईंनी विचारलं.

शिवणवाली खाली मान घालून आपल्या भाषेत म्हणाली, “तो बाहेरून कुलूप लावून जायचा. दोन-दोन दिवस.”

दुभाष्याने इथल्या भाषेत सांगितलं, “ती बहुतेक घरातच असायची.”

बाईंनी ते टाईप केलं.

“मारहाण?”

“इस्त्रीने भाजलं मला.”

“काम करताना भाजलं म्हणते. बाकी घरात कुरबुरी असायच्या.”

मावशीने ओठ चावला. बोललं तर मुलाखत रद्द होऊ शकते, पुढची तारीख आठ महिन्यांनी, तोवर परवाना संपलेला. गप्प बसलं तर हेच खोटं कागदावर. इकडे आड, तिकडे विहीर.

ती उठलीच. “बाई, ती असं म्हणाली नाही.”

“तुम्हाला बोलायची परवानगी नाही. पुन्हा बोललात तर थांबवावं लागेल.”

दुभाष्या हसला आणि मावशीला आपल्या भाषेत हळूच म्हणाला, “गप बैस. घरची धुणी चव्हाट्यावर धुवू नयेत.”

आतापर्यंत काय बदलून सांगितलं जातंय ते शिवणवालीला नीट कळत नव्हतं; ‘काम’ हा कारखान्यातला शब्द तेवढा कानाला ओळखीचा लागला होता. हे मात्र तिच्या भाषेतलं होतं. ती ताडकन उभी राहिली, पाठमोरी झाली आणि कपड्याचा गळा मागून खाली ओढला. पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या मधोमध इस्त्रीच्या टोकाचा काळपट त्रिकोण उमटला होता. कारखान्यात शिकलेल्या तोडक्यामोडक्या इथल्या भाषेत ती म्हणाली, “काम नाही. नवरा. इथे माझा हात पोचतो?” तिने उलटा हात नेऊन दाखवला. पोचत नव्हता.

बाईंची बोटं थांबली. त्या दुभाष्याकडे वळल्या. “तुम्ही बाहेर जा.”

“अहो, पण मी...”

“बाहेर.”

त्यांनी लिहिलेलं सगळं पुसलं. दुसरी दुभाषी फोनवर मिळायला तास गेला. शिवणवाली पहिल्यापासून बोलली: कुलूप, इस्त्री, दोन दिवसांची भूक. मध्ये दोनदा रडली, पण थांबली नाही.

निघताना बाई मावशीला म्हणाल्या, “नियम मोडलात. तीन महिने तुम्हाला इथे येता येणार नाही.” आवाजात राग नव्हता, पण सूटही नव्हती.

जिन्यात शिवणवाली मटकन बसली. “माझ्यापायी तुमचं कामच गेलं, मावशी.”

“तीनच महिने गं. पहिल्या खोट्यालाच उठायला हवं होतं मी. घाबरले.”

सातव्या आठवड्यात परवाना आला. शिवणवालीने पाकीट फोडलं, त्यावरचं स्वतःचं नाव तीनदा वाचलं आणि दुपारच्या पाळीला गेली.