मुल्लानपूरचा पांगुळगाडा

आईनं साताऱ्याहून फोनवर निकाल दिला, "पांगुळगाडा मामानंच द्यायचा असतो." ही प्रथा तिनं बहुधा त्याच सकाळी सुरू केली होती. पण ओजूला मामा एकच, मी.

ओजू वर्षाची होऊन गेली तरी पाऊल टाकत नव्हती. बूड घासत घरभर फिरायची, तेही ऐटीत. डॉक्टर म्हणाले, काळजी नको. मैत्रेयीताई मान डोलावून आली आणि काळजी करत बसली.

"मी स्वतः बनवतो," मी म्हणालो.

कैवल्यदाजी इथं चंदीगडला सेक्टर ३०च्या प्रयोगशाळेत मोजमापाची यंत्रं बनवतात. ते इतके हसले की ओजू दचकली. "सर्वेश, खिळा कुठल्या बाजूनं ठोकतात माहितीय का?"

"बघून घेतो."

इथली माणसं रविवारी कसौलीला जातात. मी आणि ऑफिसातला गंधार टाकून दिलेले जुने ट्रक शोधायला जातो. का, ते आम्हालाही माहीत नाही. पिंजौरला एका ट्रकच्या बोनेटातून पिंपळ उगवलेला सापडला, तेव्हा आम्ही ऑफिसात पेढे वाटले होते. त्यामुळे पांगुळगाडा ट्रकसारखाच होणार होता. फक्त नमुना हवा होता.

तो मुल्लानपूरला मिळाला. चहूकडे टॉवर उठत होते आणि मधल्या शेतात लांब नाकाचा, गोल गालांचा ट्रक. केबिनमध्ये कोंबड्या. आम्ही टेप काढल्याबरोबर मालक सरदारजी धावत आले.

"जमीन बिकाऊ नहीं है!"

"अंकलजी, ट्रक नाप रहे हैं. भांजी के लिए."

"भांजी ट्रक चलाती है?"

"अभी तो पैदल भी नहीं चलती जी."

त्यांनी यावर नीट विचार केला आणि आम्हाला आतून मोजता यावं म्हणून कोंबड्या हाकलल्या.

मग बाल्कनीत करवत सुरू झाली. एक नख गेलं, एक पँट फेविकॉलनं स्टुलाला कायमची दिली. मागच्या फळीवर पिवळ्या अक्षरांत रंगवलं : मामाची कृपा.

ताईच्या हॉलमध्ये दाजींनी तो बोटानं ढकलला. गाडा डावीकडे वळला आणि सोफ्याला धडकला. दाजींनी कॅलिपर आणला.

"डावी चाकं लहान आहेत."

"मूळ ट्रकची तशीच होती. दिसली तेवढी मोजली."

"ट्रक चिखलात रुतला होता का?"

"डाव्या बाजूनं. थोडासा."

सोबत आलेला गंधार पंख्याकडे बघू लागला. दाजींनी गाडा उचलला. "थांब, मी नीट करतो."

ओजूनं किंकाळी फोडली. दाजींनी गाडा दचकून खाली ठेवला. ती सरकत आली, दांडा धरून उभी राहिली आणि ढकलू लागली. त्या हॉलमध्ये सरळ गाडा चार पावलांत भिंतीला लागला असता. हा वळला. ती वळली. दाजी मध्ये, ती भोवती. गोल चौकांच्या चंदीगडची मुलगी, पहिल्याच फेरीत चौक घेतला. ताईनं तोंडावर हात धरला. डोळे गळत होते, हसूही थांबेना.

"दाजी, चाकं बदलू?"

"हात तर लावून बघ!" दाजी जागचे हलले नाहीत. चौकातलं कारंजं हलत नसतं.

संध्याकाळी सरदारजींना व्हिडिओ पाठवला आणि गाडा डावीकडे ओढतो त्याबद्दल माफीही मागितली. लगेच उत्तर आलं, "माफी कैसी? मेरा वाला भी नया था तब से लेफ्ट ही खींचता था."

दाजींना हा मेसेज मी उभं राहून वाचून दाखवला. मग पुन्हा एकदा, सावकाश.