छायाच्या हातचे रणांगण

मी एक जुने रणांगण आहे. मित्रांनो, दचकू नका. माझ्यावर रक्त कधी सांडले नाही. चहा मात्र दोनदा सांडला आणि त्यातला एक डाग टेकडीच्या उतारावर अजून आहे. माझी लांबी सहा फूट, रुंदी चार. माझ्यावर एक टेकडी आहे, एक वळणाचा ओढा आहे आणि वाळूच्या गोण्यांची एक भिंत आहे. भिंतीतली एकेक गोणी तुमच्या करंगळीच्या नखाएवढी आहे. नाशिकमध्ये, सिडकोतल्या एका घराच्या माळ्यावर मी भिंतीकडे तोंड करून उभा असतो.

मुळात मी एका खोक्याची फळी. सातपूरच्या एका कारखान्यात अशा खोक्यांतून यंत्रे येत. महेश तिथे नकाशे काढायच्या कामावर होता. १९९७च्या दिवाळीनंतर त्याने साहेबांना विचारून मला घरी आणले. त्याचा मित्र जीवन बँकेत नोकरीला होता. जीवनच्या परदेशातल्या मावसभावाने त्याला एका खेळाच्या नियमांची झेरॉक्स पाठवली होती. खेळ असा: मैदानाच्या दोन बाजूंना प्लास्टिकचे सैनिक उभे करायचे, शिंप्याच्या टेपने अंतर मोजून ते पुढे न्यायचे आणि गोळी लागली की चुकली ते फासे टाकून ठरवायचे. गोण्यांच्या आड असलेला सैनिक सहसा वाचतो. म्हणून मैदानात गोण्या कुठे आहेत याला फार महत्त्व. एक नियम सगळ्यांच्या तोंडी होता. ज्याने मैदान मांडले, त्याने बाजू निवडायची नाही. समोरचा निवडेल, उरलेली त्याची.

थर्माकोलची टेकडी महेशने झकास केली. रंगवलेल्या लाकडी भुशाचे गवतही जमले. गोण्यांना मात्र त्याने हात लावला आणि सगळे बिघडले. शाडूची पोळी लाटून त्याने सुरीने चौकोन कापले आणि एकावर एक रचले.

"महेश, ही भिंत आहे की फराळाचं ताट?" जीवन म्हणाला. "शंकरपाळे झालेत सगळे."

महेशची धाकटी बहीण छाया दारात उभी राहून हसत होती. ती कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. भावंडे मूळची चांदवडची, कांद्याच्या खळ्याशेजारी वाढलेली.

"दादा, तू भरलेली गोणी कधी पाहिलीच नाहीस का रे? पोट खाली बसतं तिचं. कान वर येतात."

"मग तूच कर."

"करते. पण मग मला खेळायला घ्यायचं."

"तुला?"

"का? झेरॉक्स मी तुझ्याआधी वाचून संपवलीय."

महेश जीवनकडे बघून हसला. "घेतो. दक्षिण बाजू तुझी, भिंतीकडची."

"दक्षिणेच्या सेनापती छायाताई," जीवनने तिला सलाम ठोकला. "बास?"

मित्रांनो, हे शब्द माझ्या समोर बोलले गेले. मी ते जसेच्या तसे सांगतो आहे.

छायाचीही पहिली गोणी फसली. खऱ्या गोण्या तागाच्या असतात म्हणून तिने शाडूवर गोणपाटाचा तुकडा दाबला. त्याची वीण एवढी मोठी उमटली की एका गोणीवर जेमतेम चार धागे दिसले. प्लास्टिकचा सैनिक शेजारी ठेवल्यावर ती गोणी दोरखंडाने विणल्यासारखी वाटू लागली. मग तिने जखमेवर बांधायच्या पट्टीचे जाळीदार कापड घेतले. ते बरोबर बसले. तिने कागदाचा लगदा शाडूत मळला, म्हणजे वाळल्यावर तडा जात नाही. बारीक वळी करून तिचे तुकडे पाडायचे, जाळी दाबायची, दोन्ही टोके चिमटायची आणि ओली असतानाच गोणी खालच्या दोन गोण्यांच्या सांध्यावर बसवायची. अशी ओली गोणी आपोआप खालच्या गोणीवर रेलते. भिंत वजनदार दिसते ती त्यामुळे.

तिची आई, नवसाबाई, येता-जाता टोमणे मारी. छायाचे लग्न ठरले होते. मुलगा देवळ्याचा, लग्न मे महिन्यात.

"रुखवताचं काही कर म्हटलं तर हिचे हात दुखत्यात. आन् या मातीच्या गोण्या वळायला लय जोर येतो."

"आई, रुखवत काय, कुणीही करतं."

"आन् हे?"

"हे खेळायचं आहे."

एप्रिलमध्ये गंगापूर रोडवरच्या एका सभागृहात छंदांचे प्रदर्शन होणार होते. तिथे लोकांसमोर माझ्यावर पहिला डाव मांडायचा ठरले. लग्न होऊन देवळ्याला गेल्यावर आपल्याला हा खेळ मिळणार नाही, हे छायाला ठाऊक होते. म्हणून हा एकच डाव तिचा होता. काम करताना ती माझ्याशी बोलल्यासारखी पुटपुटे. "भिंतीमागे बसून राहायचं नाही. शेवटचा गडी इथून काढायचा, ओढ्याच्या वळणात उतरवायचा. टेकडीवरून तो दिसत नाही." ओढ्याचे ते वळण तिने बोटाने थोडे खोल केले, पण दोन्ही काठांना सारखेच. तिने माझ्यात कुणासाठी लबाडी ठेवली नाही.

प्रदर्शनाच्या सकाळी मला टेंपोतून नेले. लोक वाकून पाहू लागले. "हे बिस्किटाचं आहे का हो ताई?" एका मुलीने विचारले. छायाने तिला गोणी कशी करतात ते सांगितले. तिने नवा पंजाबी ड्रेस घातला होता आणि टेप गळ्यात अडकवला होता.

तेवढ्यात जीवन एका गृहस्थांना घेऊन आला. ते पुण्याचे, हा खेळ बरीच वर्षे खेळणारे. मला पाहून ते खूश झाले आणि एक डाव खेळू या म्हणाले. जीवनने महेशला बाजूला घेतले. मग दोघे छायाकडे आले.

"छायाताई, एक अडचण आहे," जीवन म्हणाला. "मैदान तुम्ही केलंय. प्रत्येक गोणी तुम्हाला पाठ. तुम्ही खेळलात तर पाहुणे म्हणतील, घरच्या मैदानावर जिंकले."

"नियम बाजू निवडण्याबद्दल आहे," छाया म्हणाली. "न खेळण्याबद्दल नाही. त्यांना आधी निवडू द्या ना बाजू. मी उत्तरेकडून खेळते."

 जीवनने महेशकडे पाहिले.

"अगं, पाहुणे आहेत," महेश म्हणाला. "आणि टेकडी मी केलीय, पण ती काय, साधी आहे. खरं काम तुझंच. लोक तुझं किती कौतुक करतायत बघ की! तू इथे थांब, लोकांना माहिती सांग."

"म्हणजे मी तुम्हाला रुखवत मांडून दिलं का, दादा?"

"असं काय बोलतेस? पुढच्या रविवारी खेळू घरी."

छायाने गळ्यातला टेप काढून त्याच्या हातात दिला. दक्षिणेच्या खुर्चीवर पुण्याचे पाहुणे बसले, उत्तरेला महेश. जीवन पंच झाला. टेकडी ज्याने केली तो खेळू शकत होता आणि गोण्या जिने केल्या ती खेळू शकत नव्हती. मित्रांनो, हा नियम त्या झेरॉक्समध्ये कुठेही नव्हता.

डाव अर्ध्यावर आला तेव्हा चहा आला. सगळे बाहेर गेले. छाया पुढे आली, दक्षिणेच्या खुर्चीवर बसली. पाहुण्यांनी सगळे सैनिक भिंतीआड दडवून ठेवले होते. तिने टेप उचलला, नीट मोजले आणि भिंतीच्या टोकाचा तपकिरी सैनिक उचलून ओढ्याच्या वळणात ठेवला. मग ती मागे रेलली. आपण केलेल्या गोण्या तिने त्या खुर्चीवरून पहिल्यांदाच पाहिल्या. महेश हातात कप घेऊन दारात उभा होता. त्याने हे सगळे पाहिले.

बाकीचे परतले तोवर ती उठून उभी राहिली होती.

"हा इथे कसा आला?" पाहुण्यांनी विचारले.

 छाया भावाकडे पाहत होती. त्याने एवढेच म्हणायचे होते की ही चाल माझ्या बहिणीची आहे.

"ओढणी लागली असेल हिची," महेश म्हणाला. सैनिक उचलून त्याने परत भिंतीआड ठेवला.

"हो," छाया म्हणाली. "माझीच लागली."

पाहुणे तो डाव हरले. पुढच्या रविवारी महेशला कारखान्यात जादा काम निघाले, त्याच्या पुढच्या रविवारी लग्नाची खरेदी. मेमध्ये लग्न झाले. महेशने आपणहून मला मांडवात आणले आणि रुखवतात ठेवले. शेजारी साखरेचे तुळशीवृंदावन आणि लोकरीचे तोरण होते. 'कु. छायाच्या हातचे' अशी पाटीही त्याने सुंदर अक्षरात लिहिली. तो त्याच्या परीने काहीतरी फेडत होता. देवळ्याच्या बायका म्हणाल्या, "पोरगी गुणाची शे." दुसऱ्या दिवशी रुखवत छायाबरोबर सासरी गेले. साखरेचे वृंदावन गेले, तोरण गेले. मला टेंपोतून सिडकोत परत आणले. महेश-जीवनने प्रदर्शनानंतर या खेळाचा क्लब काढला होता आणि मी त्या क्लबचा होतो.

मी पुढे पाच-सहा वर्षे काम केले. दर रविवारी माझ्यावर लढाया झाल्या. नवे खेळाडू आले, माझे फोटो निघाले, गोण्यांची तारीफ प्रत्येकाने केली. मला त्या तारिफेचा राग येऊ लागला. मग घरोघरी कम्प्युटर आले. जीवनची बदली झाली. सैनिक एकेक हरवले, भुशाचे गवत झडले, आणि मला माळ्यावर चढवले गेले.

२००५च्या भाऊबीजेला महेशने मला खाली उतरवले. त्याच्या कारखान्याच्या वर्धापनदिनाला मला स्वागतकक्षात ठेवायचे होते. ओवाळून झाल्यावर त्याने छायाला बोलावले. ती माझ्यापुढे येऊन बसली. तिने निखळलेली एक गोणी उचलली, तळहातावर घेऊन पाहिली आणि तिच्या जागी ठेवली.

"फेव्हिकॉल लावून घे," ती म्हणाली.

"तूच लाव ना. आणि पाच-सहा नव्या करून दे. तुझ्या हाताला सफाई आहे."

"सफाई होती म्हणूनच तर खेळायला बसवलं नाहीस मला."

महेश हसायला गेला, पण त्याला हसू आले नाही. "अजून तेच धरून बसलीस? खेळच होता तो, छाये."

"हो ना. खेळच होता. मग एक डाव द्यायला तुझं काय जात होतं?"

ताट उचलून ती आत गेली. गोण्या तिने केल्या नाहीत. महेशने स्वतः चार करून पाहिल्या, पुन्हा शंकरपाळेच झाले. मग मला स्वागतकक्षात न नेता त्याने पुन्हा माळ्यावर ठेवले.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची निगा राखा, असे तुम्हाला शाळेत शिकवतात. धूळ पुसा, ओल लागू देऊ नका, तुटले तर जोडा. हे सगळे करा. पण मला त्याने बरे वाटणार नाही. तुमच्या घरात, तुमच्या गल्लीत कुणी तुमच्यासाठी मैदान आखत असेल, बॅट तासत असेल, पतंग बांधून देत असेल, तर त्याला नुसते छान म्हणून बाजूला उभे करू नका. दिलेला शब्द मोडायला नियम शोधू नका.

आणि तुमच्यापैकी कुणी सिडकोतल्या त्या घरी गेलात, तर महेशकाकांना सांगा, मला खाली उतरवा आणि देवळ्याला न्या. गवत नको, रंग नको. सैनिक कमी पडले तर शर्टाची बटणे चालतील. मला तिच्या घरातल्या जमिनीवर ठेवा, तिला विचारा कोणती बाजू हवी, आणि ती बसेपर्यंत फासे कुणी टाकू नका.