तारण

यज्ञेश्वरशास्त्री रामघाटावर उभा जन्म पौरोहित्य करत आले होते. महाराष्ट्रातून काशीयात्रेला येणारी कुटुंबं त्यांच्याकडे उतरायची, घाटावर श्राद्ध-तर्पण करायची आणि निघताना दक्षिणा ठेवून जायची. त्या दक्षिणेवर त्यांनी संसार केला, एकुलत्या मालविकाला शिकवलं, तिचं लग्न लावलं. उरलेलं बँकेत एफडी करून ठेवलं. घाटावरच्या ब्राह्मणाला पेन्शन कोण देणार? तीच त्यांची पेन्शन.

पुढे गुडघे गेले. घाटाच्या पायऱ्या उतरल्या की चढवेनात. त्याच सुमाराला एफडीची मुदत संपली आणि जावई, केयूर, त्यांना म्हणाला की व्याजावर तुमचं भागायचं नाही, महागाई खाऊन टाकेल.

केयूर मूळचा अकोल्याचा. शिकायला बनारसला आला आणि इथलाच झाला. एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचा. शेअर बाजाराचं त्याचं वाचन चांगलं होतं आणि सासऱ्यांबद्दल त्याला मनापासून आदर होता. त्यांच्यासाठी त्याने महिनाभर शोध घेऊन एक ईटीएफ निवडला. बाजारातल्या ज्या कंपन्यांचे भाव सगळ्यांत कमी वर-खाली होतात, तेवढ्याच कंपन्यांचा हा फंड. शेअरसारखा विकत घ्यायचा, लागेल तेव्हा लागेल तेवढा विकायचा. दर महिन्याला घरखर्चापुरता विकला तरी मूळ रक्कम बरीच वर्षं पुरेल, असा त्याचा हिशेब होता.

शास्त्रीबुवांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"बुडेल का?"

"हलेल, बाबा," केयूर म्हणाला. "बाकीचा बाजार हलतो त्याच्यापेक्षा कमी. पण बुडायचा नाही."

तो खरं तेच सांगत होता. शास्त्रीबुवा म्हणाले, ठीक आहे, पण लेकीच्या नावावर असू दे. मालविकाच्या नावाने खातं उघडलं, व्यवहार केयूर बघू लागला. त्यांच्या पत्नीच्या, प्रमोदिनीबाईंच्या, हातात महिन्याच्या महिन्याला पैसे येऊ लागले.

मग शास्त्रीबुवांनी आपले यजमान, म्हणजे त्यांच्याकडे उतरणारी सगळी कुटुंबं, पुतण्याला, ढुंढिराजला, देऊन टाकले. त्याची मुलं लहान होती, त्याला गरज होती. नुसतं तोंडी नाही दिलं. एकादशीला गंगेत उभं राहून हातावर पाणी घेऊन दिलं. आता यात्रेकरू ढुंढिराजकडे उतरू लागले आणि शास्त्रीबुवा घरी बसून पोथ्या वाचू लागले. प्रमोदिनीबाई मालविकाला फोनवर सांगायच्या, हे आता दुपारी झोपतात गं, जन्मात पहिल्यांदा.

फंड सांगितल्यासारखाच वागत होता. बाजार पडला तर हा थोडा पडायचा. पण बाजार चढला की हा मागे राहायचा, आणि त्या वर्षी बाजार चढतच होता. कॉलेजच्या स्टाफरूममध्ये ज्याच्या-त्याच्या तोंडी ऑप्शनच्या सौद्यांच्या गोष्टी होत्या. कोणी गाडी घेतली, कोणी सारनाथकडे प्लॉट घेतला. केयूर भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहत होता आणि कॉलेज पगार दोन-दोन महिने लांबवत होतं.

एका सहकाऱ्याने त्याला सांगितलं की फंड विकायची गरजच नाही. तो जागेवर राहतो, फक्त ब्रोकरकडे तारण ठेवायचा. त्या तारणावर ऑप्शन विकता येतात, म्हणजे बाजार अमुक पातळीच्या खाली जाणार नाही अशी हमी द्यायची, हमीचे पैसे लगेच हातात, आणि गेलाच खाली तर नुकसान आपण भरायचं. आणि फंड जितका शांत, तितकी तारणाची किंमत जास्त धरतात. केयूरला वाटलं, बाबांचं काही जात नाही, उलट त्यांच्यासाठीच वरचे चार पैसे बाजूला पडतील.

तारण ठेवायला मालविकाच्या मोबाइलवर येणारा ओटीपी लागत होता. ती बनारसच्याच लंका भागातल्या एका शाळेत शिकवायची. मधल्या सुट्टीत केयूरचा फोन आला, डिमॅटचं काहीतरी अपडेट आहे, नंबर आला असेल तर सांग. तिने डबा खाता खाता आकडे वाचून दाखवले आणि मैत्रिणीशी अर्धवट राहिलेलं बोलणं पुढे चालू केलं.

सहा-सात महिने सगळं सुरळीत चाललं. केयूर रोज थोडं कमवत होता. मालविकाला साडी आणली, सासूबाईंना मिक्सर आणला. कधीमधी मालविका मोबाइलवर खातं उघडून बघायची. बाबांचा फंड जिथल्या तिथे दिसायचा.

दोन हजार चोवीसच्या जूनमध्ये निवडणुकीचा निकाल होता. आदल्या दिवशी बाजार उसळला होता. आता तो खाली येत नाही असं धरून केयूरने एरवीच्या कितीतरी पट सौदे केले. निकालाच्या सकाळी शाळेला सुट्टीच होती. बाहेर लू, उन्हाळ्यातला तो भाजणारा वारा, वाहत होती, खिडक्या लावून मालविका टीव्हीवर मतमोजणी बघत बसली होती. आतल्या खोलीचं दार बंद होतं. दुपारी जेवायला हाक मारली तर केयूर बाहेर येऊन दाराशी उभा राहिला. तिला वाटलं, निकालामुळे बिनसलंय.

"बाबांचे पैसे गेले," तो म्हणाला.

तिला कळलंच नाही. ती म्हणाली, फंड पडला असेल तर चढेल परत, तूच सांगत होतास ना.

"फंड नाही पडला. म्हणजे पडला, थोडा." तो भिंतीला टेकून खाली बसला. "मी तारण ठेवला होता. आज बाजार कोसळला, माझे सौदे बुडाले. नुकसान भरायला ब्रोकरने फंड विकला."

"माझ्या खात्यातून? मला न विचारता?"

"विचारलं होतं. तू नंबर सांगितलास."

हे तो तिला बोल लावायला म्हणाला नव्हता. तिने विचारलं म्हणून त्याने सांगितलं. पण त्यानंतर मालविकाला त्याच्यावर ओरडताही आलं नाही. टीव्ही कोणी बंद केला नाही. पानं वाढलेली होती, ती तशीच संध्याकाळपर्यंत राहिली.

त्याच आठवड्यात बाजार होता तिथे परत आला. फंडही आला. केयूर ते बघत होता आणि बघवत नाही म्हणून फोन पालथा ठेवत होता.

आईवडिलांना सांगायला मालविका एकटी गेली. मैदागिनपर्यंत टोटोने, म्हणजे बॅटरीच्या रिक्षाने, आणि पुढे गल्लीगल्लीने चालत. वाटेत तिने तीन-चार प्रकारे वाक्यं जुळवली. घरी पोचल्यावर त्यातलं एकही आठवलं नाही. तिने सगळं जसं घडलं तसं सांगितलं, ओटीपीचंही. प्रमोदिनीबाई परातीत डाळ निवडत होत्या, त्या निवडतच राहिल्या.

शास्त्रीबुवांनी विचारलं.

"तो फंड बुडाला नाही म्हणतेस?"

"नाही, बाबा."

"मग पैसे गेले कुठे?"

तिने परत समजावून सांगायला सुरुवात केली, पण मध्येच तिला दिसलं की ते ऐकत नाहीयेत. ते म्हणाले, "केयूररावांना म्हणावं, जिवाचं काही बरंवाईट करू नका. एवढं सांग." मग उठून आत गेले आणि मिटलेल्या पोथीपुढे नुसते बसून राहिले.

केयूर त्यांच्या पाया पडायला आला तेव्हा त्यांनी त्याला पाणी दिलं, प्रवास कसा झाला विचारलं, जणू तो अकोल्याहूनच आला होता. पैशांबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. त्याने ट्यूशन धरल्या आणि पहिल्या महिन्याचे पैसे पाकिटात घालून सासूबाईंकडे दिले. पाकीट परत आलं. जावयाचं घ्यायचं नाही, असं हे म्हणतात, एवढंच त्या बोलल्या.

ढुंढिराज वाईट नव्हता. काकांची अवस्था त्याच्या कानावर आली तेव्हा तो स्वतः घरी आला आणि यजमान परत घ्या म्हणाला. शास्त्रीबुवा म्हणाले, गंगेत उदक सोडलंय, ते परत कसं घेऊ? तुझ्या हाताखाली काही काम असेल तर दे.

पितृपक्षात मालविका रामघाटावर गेली. पूर नुकताच ओसरला होता, खालच्या पायऱ्यांवर गाळ होता आणि माणसं त्यावरून जपून चालत होती. ढुंढिराज नाशिकच्या एका कुटुंबाचं श्राद्ध चालवत होता. त्याच्या मागे, जरा बाजूला, बाबा बसले होते. ते दर्भाची पवित्रकं करून देत होते, पिंडाचं पीठ मळून देत होते. यजमानाने मुख्य गुरुजींना वाकून नमस्कार केला आणि शास्त्रीबुवांकडे न बघताच उठला. शास्त्रीबुवांना उठताना ढुंढिराजच्या मुलाच्या खांद्याचा आधार घ्यावा लागला.

त्यांनी तिला पाहिलं.

"तू कशाला आलीस एवढ्या उन्हात?" ते म्हणाले. "घरी जा, बेटा. मला अजून दोन श्राद्धं आहेत."

ती पायऱ्या चढून वर आली. एका बंद दुकानाच्या फळीवर थोडा वेळ बसली. रडू येईल असं तिला वाटत होतं, ते आलं नाही. मग चौखंब्याच्या बाजारात भाजी घेतली आणि घरी आली. केयूर ट्यूशनच्या वह्या तपासत होता. बाबा कसे आहेत, असं त्याने मान वर न करता विचारलं.

"बरे आहेत," ती म्हणाली, आणि भाजी निवडायला बसली. त्या दिवशी दोघांचं एवढंच बोलणं झालं. तशा दिवसांची आता दोघांनाही सवय होत चालली होती.