आईच्या हनुवटीवरच्या रेषा

सीलचं मांस हॉलच्या फरशीवर पुठ्ठ्यांवर मांडलं होतं आणि उत्तर टोकाच्या त्या बर्फाळ गावातल्या बायका त्याच्याभोवती गुडघ्यांवर बसल्या होत्या. काउजाकने आपला उलू, म्हणजे बायकांचा तो अर्धगोल सुरा, बरगडीत घातला, तशी शेजारची बाई जराशी सरकली. जराशीच, कुणाच्या लक्षात येऊ नये इतकी. पण काउजाकचं अर्धं आयुष्य शाळेत पोरांना शिवण शिकवण्यात गेलं होतं. वर्गात कोण कुठे सरकतं हे तिला मान न वळवताही कळायचं.

तिने चांगला जाडसर तुकडा कापला आणि तोंडात टाकला.

"चरबी झकास आहे," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "सरकलीस ते बरं केलंस बाई. आता हा कोपरा सगळा माझा."

कुणी हसलं नाही. एरवी असल्या बोलण्यावर हॉल दणाणला असता.

कारण सगळ्यांना ठाऊक होतं. आदल्या आठवड्यात शिवणाच्या तासाला एका पोराने सुई बोटात घुसवून घेतली होती. रक्ताने माखलेली ती सुई त्याने काउजाकपुढे धरली आणि म्हणाला, "तूच ओव ना, मला दिसत नाही." काउजाकने सुई हातात घेतली नाही. तिने त्याच्या बोटाला पट्टी बांधली, सुई चिमट्याने उचलून डब्यात टाकली आणि सगळ्या पोरांना जवळ बसवलं.

"ऐका. ज्याची सुई त्याची. रक्त लागलेली सुई दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही. का ते सांगते. माझ्या रक्तात एक विषाणू आहे, हिपॅटायटिस बी नावाचा. मी जन्मले तेव्हाच माझ्या आईकडून माझ्यात आला. तिला बिचारीला ठाऊकही नव्हतं. तो यकृतात घर करतो आणि गुपचूप यकृत खराब करत राहतो. मी रोज एक गोळी घेते, म्हणून तो झोपून असतो."

"घोरतो का?" एकाने विचारलं.

"घोरत असेल. मला अजून ऐकू आलं नाही."

पोरं खिदळली. मग एक बारकी पोर गंभीर होऊन म्हणाली, "तू आम्हाला मिठी मारलीस तर तो आमच्यात येईल?"

"नाही येणार. मिठीतून येत नाही, एका ताटात जेवलं तरी येत नाही, माझ्या कपातला चहा प्यायलीस तरी येत नाही. तो रक्तातून येतो. म्हणून सुई, दाढीचं पातं, दात घासायचा ब्रश, हे ज्याचं त्याचं. आणि तुम्हाला सगळ्यांना तर तान्हे असतानाच लस टोचलेली आहे. तुम्ही चिलखत घालून बसलाय, माहीत नव्हतं ना?"

पोरांना सगळं नीट समजलं होतं. घरी जाऊन त्यांनी सांगितलंही नीटच. पण घरच्यांनी त्यातलं पहिलं वाक्य ऐकलं आणि पुढचं ऐकायच्या आधीच फोन उचलला.

मेजवानी संपली तसा जोआनासी तिच्या मागोमाग बाहेर आला. गावाच्या परिषदेचा तो प्रमुख होता, आणि काउजाकचा चुलतभाऊ. बर्फावर मे महिन्याचं ऊन पसरलं होतं आणि तो डोळे बारीक करून जमिनीकडे बघत होता.

"ताई, परिषदेने ठरवलंय. गावात गोंदण बंद."

"कुणाचं गोंदण?"

"सगळ्यांचं. शनिवारी तू मिआलीच्या हनुवटीवर गोंदणार होतीस ना, ते नको. हॉलची किल्ली माझ्याकडे राहील."

काउजाक कातडी हातमोजे घालता घालता थांबली. "पाद्र्याने माझ्या आईला सांगितलं होतं, तुझ्या हनुवटीवरच्या गोंदलेल्या रेषा सैतानाच्या आहेत. मरेपर्यंत ती फोटो काढताना रुमाल ओढून बसायची. तेव्हा पाद्री तरी बाहेरून आला होता. तू तर माझ्या मांडीवर वाढलास रे."

"मी पाद्री नाहीये. माझा भाऊ पोट फुगून गेला, विसरलीस? पिवळा पडला होता डोळ्यांपर्यंत. ते परत नको गावात."

"परत कसं येईल? ते गेलंच कुठे होतं? त्याला हे होतं हे त्यालाच कळलं नाही, कारण त्याचं रक्त कुणी तपासलंच नाही. तो गोंदणाने नाही गेला, जोआनासी. त्याच्या अंगावर एक ठिपका नव्हता."

जोआनासी स्नोमोबिलवर बसला. मग म्हणाला, "किल्ली माझ्याकडे राहील," आणि स्नोमोबिल सुरू करून निघून गेला.

घरी मिआली चुलीपाशी बॅनक, म्हणजे तव्यावरची जाड रोटी, भाजत होती. एकोणीस वर्षांची ती पोर काउजाकची नात, पण काउजाक तिला कधी नात म्हणाली नाही. काउजाकची आई वारली त्यानंतर पहिली जन्मली ती ही. म्हणून गावच्या रीतीप्रमाणे तिला आईचं नाव दिलं, आणि नावाबरोबर आईही परत घरात आली. काउजाक तिला आई म्हणायची आणि मिआली आजीला पोरी म्हणायची. लहानपणी मिआलीने कधी मार खाल्ला नाही की ओरडा खाल्ला नाही. आपल्याच आईवर कोण ओरडणार? तिने मागितलं आणि काउजाकने दिलं नाही, असं आजवर झालं नव्हतं.

"पोरी, तुझं तोंड का उतरलंय?"

काउजाकने सगळं सांगितलं. मिआलीने बॅनक उलटली आणि तवा आपटला.

"हॉल नको तर नको. इथेच कर. आजच कर." तिने फळीवरून हस्तिदंती नळी काढली. आत जुनी पोलादी सुई होती. काउजाकच्या आईने त्याच सुईने तीन पिढ्यांचे कामिक, म्हणजे कातडी बूट, शिवले होते, आणि आई गेल्यावर काउजाकही त्याच सुईने शिवत आली होती. "पण याच सुईने. माझ्या रेषा माझ्याच सुईने."

काउजाकने नळीकडे हात नेला नाही. "या सुईने नाही, आई."

"का? सुई माझीच आहे की. तूच सांगतेस ना, मी ती आहे म्हणून? मग माझी सुई मला का चालत नाही?"

"रोज ती माझ्या बोटात घुसते. काल घुसली, परवा घुसली. तिच्यावर माझं रक्त आहे."

"उकळून घे."

"घरातल्या पातेल्यात उकळून त्याचा भरवसा नाही. नवी सुई, बंद पाकिटातली. एकदा वापरायची आणि टाकून द्यायची. काजळीसुद्धा दिव्याची नाही, बाटलीतली शुद्ध शाई."

"मग ते गोंदण कसलं? दवाखानाच झाला!" मिआलीचा आवाज चिरकला. "मला लस टोचलीय. जोसलिन नर्सने माझं रक्त तपासायला पाठवलं होतं, संरक्षण शाबूत आहे असा निकाल आलाय. मला काही होणार नाही. तू घाबरलीस, एवढंच. बायका बाजूला सरकल्या आणि तू घाबरलीस."

"तुझं चिलखत चांगलं आहे. पण तुझ्यानंतर तुझी मामेबहीण येईल, म्हणेल मिआलीला आजीच्या सुईने केलं, मलाही तिनेच कर. तिचं रक्त कुणी तपासलंय? मग तिची मैत्रीण. एकाच सुईने एकमेकींशी बांधून घ्यायला तुम्हा पोरींना आवडतं, मला ठाऊक आहे. तिथेच तो वाट बघत बसलेला असतो."

मिआली खाली बसली. बराच वेळ ती नळी हातात फिरवत राहिली. मग तिने हळूच विचारलं, "तुला तो तुझ्या आईकडून आला. म्हणजे मीच तुला दिला ना?"

काउजाक याला तयार नव्हती. पोरीचे डोळे भरले होते, आणि ते डोळे आईचेच होते.

"हो," ती म्हणाली. "तू दिलास. तुला ठाऊक नव्हतं, तेव्हा गोळी नव्हती, लस नव्हती, सांगणारं कुणी नव्हतं. तुझ्यावर माझा राग नाही. पण मला ठाऊक आहे, आई. तू एकदा दिलास, मी तो तुला परत देणार नाही. तुला नाही आणि तुझ्यामागून येणाऱ्या कुणालाच नाही. रडलीस तरी नाही, बोलायची थांबलीस तरी नाही."

आयुष्यात पहिल्यांदा तिने आईला नाही म्हटलं होतं. तिने मिआलीच्या हातातून नळी काढली आणि परत फळीवर ठेवली.

मिआली उठून बाहेर गेली. बॅनक करपली.

दुसऱ्या दिवशी दुपारी काउजाक गावाच्या रेडिओवर गेली. त्या वेळी कुणीही माईकपुढे बसावं, वाढदिवसाच्या शुभेच्छा द्याव्यात, कुणाकडे कॅरिबू हरणाचं मांस जास्त झालंय ते सांगावं, अशी रीतच होती. घराघरात रेडिओ चालू असायचा.

"मी काउजाक," ती म्हणाली. "मांस वाटायला नाहीये माझ्याकडे. मला हिपॅटायटिस बी आहे. हे तुम्ही माझ्या पाठीमागे म्हणताय, मी तुमच्या स्वयंपाकघरात येऊन म्हणते. माझ्या वयाच्या कितीतरी जणांना असेल आणि त्यांना पत्ताही नसेल. मी गोळी घेते, वर्षातून दोनदा विमानाने जाऊन पोटाची तपासणी करून येते. शेवटच्या वेळी रक्तात विषाणू सापडलाच नाही, इतका कमी झालाय. आता फोन करा आणि विचारा."

पहिला फोन एका म्हातारीचा. "काउजाक, तू मागच्या नाताळात माझ्या नातवाचा पापा घेतलास."

"घेतला. फार लाळ गाळतो पोरगा, मलाच पुसावं लागलं. त्याला काही झालेलं नाही, होणारही नाही."

एकाने आवाज बदलून विचारलं, "बायकोने माझ्या पात्याने पाय साफ केले तर?"

"आवाज बदलू नकोस, ओळखलं तुला. नवं पातं आण, कंजूष कुठला. आणि दोघं जाऊन रक्त तपासून घ्या."

रेडिओच्या खोलीतला तंत्रज्ञ टेबलावर डोकं ठेवून हसायला लागला. मग जोआनासीचा फोन आला, आणि तंत्रज्ञ हसायचा थांबला.

"ताई, पुरे कर. गोंदण बंद आहे, परिषदेचा ठराव आहे."

"गोंदण बंद केलंत तर पोरी ते थांबवतील असं वाटतं तुला? स्वयंपाकघरात दार लावून करतील. एका सुईने चौघी. तेव्हा कोण असेल तिथे हातमोजे द्यायला? ऐक जोआनासी, आणि सगळ्यांनी ऐका. शनिवारी हॉलसमोर माझा तंबू उभा राहील. जोसलिनला मी येताना सांगून आलेय, ती रक्त घ्यायला बसणार आहे. ज्यांना रेषा हव्यात त्यांनी आधी रक्त द्यायचं, निकाल येईल तेव्हा रेषा. ज्यांना नकोत त्यांनीही द्यायचं. तुझ्या भावाला कुणी विचारलं नाही. मी तुला विचारतेय, तुझं रक्त कधी तपासलंस?"

फोन बंद झाल्याचा आवाज गावभर ऐकू गेला.

शनिवारी वारा होता. काउजाकने एकटीने तंबू ताणला, कारण मिआली त्या दिवसापासून बोलत नव्हती आणि झोपायलाही मैत्रिणीकडे जात होती. जोसलिन नर्स दक्षिणेकडून आलेली, गावात तिला चार हिवाळे झाले होते. तिने तंबूच्या एका बाजूला घडीचं टेबल लावलं, सुया टाकायचा पिवळा डबा ठेवला आणि हातांवर फुंकर मारत बसली.

"कुणी आलं नाही तर?" तिने विचारलं.

"तर तुझं गोंदते. तुझी हनुवटी तशी बरी आहे."

पहिली आली ती हॉलमध्ये बाजूला सरकलेली बाई. कुणाकडे न बघता तिने बाही वर केली. तिच्यामागे दोघी. मग पात्याचा प्रश्न विचारणारा, बायकोने दंड धरून आणलेला. तंबूबाहेर माणसं जमली, कुणी आत आलं, कुणी नुसतंच बघत उभं राहिलं. काउजाकने प्रत्येकाला चहा दिला आणि प्रत्येकाने तिचा कप घेतला. एकाने घ्यायला जरा वेळ लावला, पण घेतला.

मिआली सगळ्यांत शेवटी आली. ती काउजाकसमोर कॅरिबूच्या कातड्यावर बसली आणि केस मागे बांधले.

"पोरी," ती म्हणाली, "मी अजून रागावलेली आहे."

"रागाव. पण हनुवटी हलवू नकोस."

"नवी सुई?"

"बघ." काउजाकने पाकीट तिच्या हातात दिलं. मिआलीने ते उलटसुलट केलं, कडा तपासल्या, फाटलेलं नाही याची खात्री केली आणि मग परत दिलं. काउजाकने हातमोज्यांवर दुसरे हातमोजे चढवले. पाकीट सगळ्यांसमोर फोडलं, दोरा ओवला, शाईत भिजवला आणि मिआलीच्या हनुवटीवर मधोमध खूण केली.

पहिला टाका कातडीखालून गेला तेव्हा मिआलीने श्वास रोखला. दोरा बाहेर आला आणि मागे एक बारीक काळा ठिपका राहिला. दुसरा टाका त्याच्या खाली. बाहेरचं बोलणं एकाएकी थांबलं.

तंबूचं तोंड बाजूला झालं. जोआनासी आत वाकून उभा होता, वारा त्याच्या मागून आत घुसत होता. जोसलिनच्या टेबलावरच्या चिठ्ठ्या उडाल्या.

"ताई," तो म्हणाला, "याला परवानगी नाहीये."

काउजाकने डोळे वर केले नाहीत. तिच्या आईच्या हनुवटीवर दोन ठिपके होते आणि पुरी रेष व्हायला अजून बरेच हवे होते.

"आत ये नाहीतर बाहेर जा," ती म्हणाली. "पण तोंड लाव तंबूचं. दोरा हलतोय."

जोआनासी तसाच उभा राहिला. मिआलीने मान न हलवता, ओठ न हलवता, फक्त डोळे त्याच्याकडे वळवले आणि बघत राहिली. ते डोळे कुणाचे हे त्यालाही ठाऊक होतं. त्या बाईच्या हातचं खाऊन तोही वाढला होता.

त्याने तंबूचं तोंड ओढून घट्ट बांधलं. आतून.

काउजाकने तिसरा टाका घातला.