वळसंगला अडकलेलं अपडेट

कुंडलिक एसटीत एकतीस वर्षं कंडक्टर होते, आणि त्यातली सव्वीस वर्षं सोलापूर-अक्कलकोट याच रस्त्यावर गेली. त्यामुळे कुठलंही काम किती झालं आणि किती राहिलं, हे ते त्याच रस्त्यावरच्या गावांनी मोजत. शेजाऱ्यांच्या घराचा स्लॅब अर्धा पडला तेव्हा "कुंभारी मागं पडली," असं त्यांनी शेजाऱ्यांचं अभिनंदन केलं होतं. शेजारी दोन दिवस विचारात होते.

त्यामुळे सकाळी नऊला घरच्या कॉम्प्युटरचं अपडेट सुरू होऊन पडद्यावर टक्के चढू लागले, तेव्हा त्यांनी खुर्ची ओढून घेतली आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडले, "सुटली!"

त्यांची मुलगी उत्कर्षा घड्याळाकडे बघत होती. दुपारी चारला तिची मराठी टायपिंगची परीक्षा होती. एका पतसंस्थेत लिपिकाची जागा, परीक्षा घरूनच, बंद खोलीत, कॅमेऱ्यासमोर. वयाची अट बघता ही शेवटची संधी. आणि परीक्षेचा प्रोग्रॅम अपडेट केल्याशिवाय उघडायलाच तयार नव्हता. हे तिनं आठ दिवसांपूर्वी सांगितलं होतं. पण "मोठ्या फेरीची गाडी त्याच दिवशी धुवायची असती," म्हणून कुंडलिकनी अपडेट आजवर राखून ठेवलं होतं.

अठ्ठावीस टक्क्यांना कुंभारी गेली. एकसष्टला वळसंग आलं आणि गाडी थांबली. अर्धा तास थांबली. मग पडदा काळा झाला आणि अक्षरं उमटली : अपडेट होऊ शकलं नाही, केलेले बदल मागे घेत आहोत.

"परत स्टँडवर न्हेतीय," कुंडलिक दुखावल्या आवाजात म्हणाले.

त्यांनी प्रिंटर काढला, ओझं कमी म्हणून. माऊस काढला. मग पुन्हा सुरू करायला माऊस लागतो म्हणून परत लावला. दुसऱ्या खेपेलाही एकसष्ट. तिसऱ्या खेपेलाही एकसष्ट.

"वळसंगला माहेर हाय का काय तेचं?" त्यांच्या पत्नी मुक्ताबाईंनी आतून विचारलं.

बाराच्या सुमाराला कुंडलिकनी ईरप्पाला फोन लावला. ईरप्पा एकोणीस वर्षं त्यांचा ड्रायव्हर होता. तो आला, चप्पल काढली, कॉम्प्युटरच्या डब्यावर तळहात ठेवला, कान लावला आणि डोळे मिटले.

"इंजिनला काय झालं न्हाई. आवाज गोड हाय," तो म्हणाला. "कंडक्टर, गाडी ओव्हरलोड हाय."

"उगं काय बी बोलू नगंस."

"काका बरोबर सांगतायत," उत्कर्षा म्हणाली. "दर वेळी तेच लिहून येतंय. डिस्कवर जागा नाही."

"मग सांगायचं न्हाईस व्हय?"

"अण्णा, तीन वर्षं सांगतीय की."

हे दुखणं जुनं होतं. गाडी भरली की बाकीचे कंडक्टर दारातून हात हलवून सांगत, "मागची गाडी रिकामी येतीय." मागे गाडी नसे, हे कुंडलिकना माहीत होतं. एकतीस वर्षांत ते वाक्य त्यांच्या तोंडून एकदाही गेलं नव्हतं. "सरका की आत," एवढंच ते म्हणत, आणि माणसं, शेळ्या, खाटा, एकदा तर ढोलासकट अख्खा बँड त्यांनी आत घेतला होता. निवृत्तीनंतर हाच नियम कॉम्प्युटरला लागू झाला. फोनवर आलेलं प्रत्येक 'शुभ सकाळ' ते दर रविवारी कॉम्प्युटरवर चढवत. पुसायचं कुणालाच नाही. पाठवणाऱ्यानं हात दाखवलाय, त्याला रस्त्यात कसं सोडायचं?

दीड वाजला. उत्कर्षा जेवणाच्या टेबलाशी बसली आणि टेबलावरच्या प्लॅस्टिकवर दहा बोटांनी टायपिंगचा सराव करू लागली. कुंडलिकनी ती बोटं बघितली. मग खुर्चीत बसले.

"काढ. पयला कोण हाय?"

पहिला गुलाब होता, चहाच्या कपाशेजारी ठेवलेला. "सयाजीमामानं पाठवलेला. दोन हजार एकोणीस," उत्कर्षानं सांगितलं.

"एवढी वर्षं उभ्यानं प्रवास केला बिचाऱ्यानं." त्यांनी बटणावरचं बोट उचलून घेतलं.

"अय्यो, असं एकेक उतरवलं तर अक्कलकोट पुढच्या दिवाळीला," ईरप्पा म्हणाला. "जाड पॅसेंजर बघा की."

उत्कर्षानं सगळ्या फायली आकारानं लावल्या. सर्वांत वर सयाजीमामाच्या लग्नाची फिल्म होती, कॅसेटवरून उतरवलेली, चार तासांची. तिच्याखाली सयाजीमामाचं लग्न होतं. त्याखाली पुन्हा तेच. एकूण सात वेळा. मुक्ताबाईंचा हा भाऊ टेंभुर्णीहून येताना दर वेळी पेनड्राइव्ह आणत असे, आणि पाहुणचार म्हणून कुंडलिक दर वेळी तो आत रिकामा करून घेत.

कुंडलिक हळूहळू उभे राहिले.

"लग्नं किती केली सयाजीनं?"

"एकच," मुक्ताबाई दारात येऊन म्हणाल्या. "त्यात बी दमला."

"सीटा सात आन तिकीट एक. म्हंजे सहा विनातिकीट!" त्यांचा आवाज चेकिंगच्या काळातला झाला. "विनातिकीटवाल्याला आपला नियम न्हाय. उतरव!"

सहा लग्नं एका फटक्यात उतरली. जागा तेवढीच राहिली.

"ते आता कचरापेटीत आहेत," उत्कर्षा म्हणाली. "ती रिकामी केल्याशिवाय जागा सुटत नाही."

"बघा," ईरप्पा म्हणाला, "दारातनं उतरले आन शिडीनं टपावर जाऊन बसले."

"बाजाराच्या दिवशी हेच करायचे. टप रिकामा कर, पोरी."

दोनला गाडी पुन्हा सुटली. एकसष्टला मुक्ताबाईंनी मिक्सर बंद केला. "मुंदे होग्री, फुडं चला," ईरप्पा डब्याला आदरानं म्हणाला. कुंडलिकनी कपाटावर दोनदा टकटक केली, गाडी सोडायची डबल बेल. बासष्ट. त्रेसष्ट. चारला दहा कमी असताना अक्कलकोट आलं.

खोलीचं दार बंद झालं. परीक्षा चालू असताना आत दुसरं कुणी दिसलं तर परीक्षा रद्द, असा नियम होता, म्हणून कुंडलिक बाहेर दारापाशी उभे राहिले. आत बोटं सुरू झाली.

चार वाजून सात मिनिटांनी फाटक वाजलं.

"दाजी!" सयाजी टेंभुर्णीहून आला होता. खिशातून पेनड्राइव्ह डोकावत होता. "आज आमच्या लग्नाचा वाढदिवस. म्हटलं, फिल्म बघू की जरा!" आणि तो सवयीनं खोलीच्या कडीकडे वळला.

कुंडलिकनी दारावर आडवा हात घातला.

"गाडी फुल हाय, पाव्हणं," ते म्हणाले. "मागची रिकामी येतीय."

सयाजीचं निम्मं आयुष्य टेंभुर्णीच्या स्टँडवर गेलेलं. त्यानं वाद घातला नाही. मागे वळून एकदा रस्त्याकडे बघितलं आणि पायरीवर सावली बघून बसला. "कवा येतीय?"

"पाचला."

पाचला दार उघडलं. "मिनिटाला चौतीस शब्द," उत्कर्षा म्हणाली. "तीस लागत होते."

कुंडलिकनी दारावरचा हात काढला. तो दुखत होता, एकदाही खाली घेतला नव्हता. "चला, सरका आत," ते सगळ्यांना म्हणाले, आणि सयाजी उंबऱ्यावर आला तेव्हा त्याच्या खिशातला पेनड्राइव्ह दोन बोटांनी हलकेच काढून घेतला.

"सामान भायेर ठेवायचं."