खालचे दोन

रय्यानच्या पोटावर सहापैकी चार पॅक दिसत होते आणि खालचे दोन काही केल्या बाहेर यायला तयार नव्हते. हर्सूलच्या आमच्या जिममध्ये मी नऊ वर्षं पोरांना शिकवते आहे. आधी वेटलिफ्टिंग करायचे, आता ओरडायचं काम करते. दर सोमवारी त्याच्या बेंबीखालची कातडी चिमट्यात धरून चरबी मोजायची आणि आकडा वहीत लिहायचा. तीन महिने एकच आकडा येत होता, सोळा मिलिमीटर. शेवटी शेवटी मी मोजायच्या आधीच लिहून टाकायचे.

जिल्हा शरीरसौष्ठव स्पर्धेला आठ आठवडे उरले होते. तेवीस वर्षांखालच्या गटातलं त्याचं हे शेवटचं वर्ष होतं आणि त्याला आयुष्यात एकदा तरी त्या मंचावर उभं राहायचं होतं. त्यासाठी पोरानं पोळी, भात, चहातली साखर सगळं सोडलं होतं. घरात कुणाचं लग्न असलं तरी उकडलेली अंडी डब्यात घेऊन बसायचा.

मी काय केलं, तर व्यायाम वाढवला. लटकून पाय वर घे, छातीवर प्लेट धरून क्रंच मार, दोन-दोन मिनिटं प्लँक धर. तो निमूट करायचा आणि आकडा निमूट तिथंच राहायचा. आजार म्हशीला आणि औषध पखालीला, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं आणि तेही योगायोगानं.

स्पर्धेचा अर्ज भरायचा राहिला होता, रय्यान फोन उचलत नव्हता, म्हणून मी त्याच्या घरामागच्या भटारखान्यात गेले. त्याचे वडील युसूफभाई लग्नाकार्यात नान-खलिया, म्हणजे नान आणि मटणाचा तर्रीदार रस्सा, करतात. अर्ध्या शहरानं त्यांच्या हातचं खाल्लं असेल. त्या दिवशी सहा मोठी पातेली चुलाणावर होती. रय्यान नानचा तुकडा मोडायचा, तर्रीत बुडवायचा, तोंडात टाकायचा आणि वडिलांना हळूच सांगायचा, "मीठ थोडं." मसाला भाजताना एकदा, मटण शिजताना एकदा, तर्री वर आल्यावर एकदा. मी विचारलं तेव्हा म्हणाला, नुसत्या चमच्यानं मिठाचा अंदाज येत नाही, नानसोबतच कळतो. सहा पातेल्यांचे अठरा तुकडे, तेही तेलात बुडवलेले.

"हे वहीत का नाही लिहिलंस?"

"हे खाणं कुठंय ताई? हे तर चाखणं हाय."

तो खोटं बोलत नव्हता. त्या घरात चाखलेलं कधी कुणी जेवणात धरलेलंच नाही.

"बरं, मग चाख आणि थुंकून टाक."

त्यानं माझ्याकडं असं बघितलं की मीच ओशाळले. "रिज्क थुकत नसतेत ताई, अल्लानं दिलेलं अन्न हाय. अब्बांसमोर तर नायच."

"मग अब्बांनाच चाखू दे."

तो मला गल्लीत घेऊन आला. चार वर्षांपूर्वीच्या तापात युसूफभाईंची चव गेली होती. खारट काय, अळणी काय, काही कळत नव्हतं. घराबाहेर हे कुणालाच माहीत नव्हतं. चव गेलेल्या भटाऱ्याला लग्नाचं काम कोण देणार?

"अर्ज राहू द्या," रय्यान म्हणाला. "अब्बांचं नाव लई मोठंय."

शहाणी असते तर गप्प घरी गेले असते. पण तीन महिने मी त्या पोराला उगाच राबवलं होतं आणि त्याचा राग मला कुणावर तरी काढायचा होता. रय्यान नान आणायला गेला तशी मी आत जाऊन बोलून टाकलं. "युसूफभाई, पोराचं पोट तुमच्या जिभेपायी अडलंय." बोलले आणि लगेच लाज वाटली.

त्यांनी फडक्याला हात पुसले. मग म्हणाले, "किती दिवस?"

"आठ आठवडे."

"अर्ज ठेवून जावा बाई. भरतो तो."

दोनच दिवसांनी रय्यान उड्या मारत जिममध्ये आला. अब्बांची जीभ परत आली होती. त्यांनी त्याच्यासमोर तुकडा खाल्ला आणि मीठ जास्त झालंय म्हणाले, आणि ते खरंच जास्त होतं. ते जास्तीचं मीठ त्यांनीच मुद्दाम टाकलं होतं, हे मला मागाहून कळलं. रय्याननं विश्वास ठेवला, कारण त्याला तो ठेवायचा होता. स्पर्धेपर्यंत अब्बांनी त्याला भटारखान्यात येऊच दिलं नाही. मला शंका आली होती, पण सोळाचे चौदा झाले, चौदाचे अकरा, आणि मी तोंड उघडलं नाही.

स्पर्धेत तो अकरा जणांत पाचवा आला. खालचे दोन दिसले, फार नाही, पण दिसले. मंचासाठी फासलेला तपकिरी रंग अंगावर तसाच ठेवून तो म्हणाला, "चला ताई, अब्बांना दाखवू." युसूफभाई सावंगीकडच्या एका लग्नात होते.

आम्ही मांडवामागं पोचलो तेव्हा ते नवऱ्या मुलाच्या चुलत्यापुढं ताटली धरून उभे होते. "चाखून सांगा मियाँ," ते म्हणत होते. "माझी जीभ गेलेली हाय, चार वर्षं झाली. आता समद्यांना आधीच सांगतो. दोन घरांनी काम काढून घेतलं, तुमी ठेवलं, मेहरबानी."

त्यांनी आवाज खाली केला नव्हता. पाणी वाहणाऱ्या बायकांनाही ऐकू गेलं.

"तुम्ही तर बोल्ले होते, परत आली म्हणून," रय्यान म्हणाला.

युसूफभाईंनी वळून बघितलं. ताटली चुलत्याच्या हातात दिली. "कितवा आला?"

"पाचवा."

"वर कर बनियन."

तो हलला नाही, तेव्हा त्यांनीच ती वर केली आणि सगळ्यांसमोर, हळदीनं पिवळ्या झालेल्या बोटानं मोजायला लागले. एक, दोन, तीन. रय्यान रडत होता. हुंदक्यासरशी त्याचं पोट आत जात होतं, त्यामुळं खालचे दोन मंचावर दिसले त्याहून चांगले दिसत होते.

"सहा," युसूफभाई म्हणाले, आणि पुन्हा पहिल्यापासून मोजू लागले.